टाकाऊ लाकडाचे मखर

इतिहास लिहिणाराची दृष्टी बहुधा दगडावर खिळलेली असते. तट दगडाचे, देवळे दगडाची, लेख दगडावर कोरलेले. दगड टिकतो आणि म्हणून त्याचा इतिहास लिहिला जातो. लाकडाचे तसे नाही. ते कुजते, त्यास वाळवी लागते, ते जळते. आणि जळून गेलेल्या वस्तूची दाद इतिहासाच्या दरबारी सहसा लागत नाही. वास्तविक पाहता आपल्याकडील मनुष्याचे आयुष्य पाळण्यापासून सरणापर्यंत लाकडाच्या संगतीनेच जात आले आहे. त्यातही जे लाकूड मुळातच टाकाऊ, म्हणजे सुताराच्या वाकसाखाली उडालेली ढलपी, फळी कापून उरलेला तुकडा, फुटक्या खोक्याचे फळकूट, त्याचा इतिहास लिहावा असे कोणाच्या मनात येणे कठीणच. तथापि कोल्हापुरातील घरोघरच्या सणासुदीच्या आराशीचा विचार करीत असता आम्ही अशा मतास आलो आहो की, या क्षुद्र दिसणाऱ्या लाकडाने जे जतन केले ते पुष्कळ वेळा मोठमोठ्या वाड्यांनाही जतन करता आले नाही. हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. सबब ते थोडे विस्ताराने मांडणे अवश्य आहे.

प्रथम मखराचा विचार करू. भाद्रपदात गणपती ज्यात बसवावयाचा त्या मखराची जुनी घडण वाचकांच्या परिचयाची आहे. चौरंगाभोवती चार खांब, दर्शनी बाजूस तीन किंवा पाच महिरपी, वर छज्जा आणि छज्जाखाली झालर. ही घडण आपण इतक्या लहानपणापासून पाहतो की, ती कशाची प्रतिकृती आहे हा प्रश्नच आपल्या मनात उद्भवत नाही. देवाचे आसन म्हणजे देवळाचीच नक्कल असणार, असे आपण गृहीत धरतो. परंतु देऊळ म्हटले म्हणजे जाड भिंती, काळोखा गाभारा आणि वर शिखर. कोल्हापूरचे महालक्ष्मीचे देऊळ याच जातीचे आहे. मखरात यांपैकी काही नसते. त्याचे सडपातळ खांब बुडाशी कमळाच्या पाकळ्या घेऊन वर निमुळते होत जातात. सुरूच्या झाडाच्या आकारावरून त्यांस सुरूचे खांब म्हणतात. दोन खांबांमधील कमान पाकळ्यापाकळ्यांची असते आणि तिच्या टोकास केळफूल लोंबते. हे रूप देवळाचे नसून सदरेचे आहे. मराठी राज्यात सरदार, कारभारी व राजे ज्या लाकडी सदरेवर बसून न्यायनिवाडा करीत, तिचे हे लहान चित्र होय. पुण्यास दुसऱ्या बाजीरावाने १८०८ च्या सुमारास बांधविलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात हेच खांब व हीच केळफुले कोरलेली आहेत. कोल्हापुरात तर याचे अधिक बोलके उदाहरण आहे. महालक्ष्मीच्या प्राचीन दगडी देवळासमोर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जो गरुडमंडप उभारला गेला, तो लाकडी खांबांचा व महिरपींचा, म्हणजे उघडउघड सदरेच्या घाटाचा. देवी गाभाऱ्यात असेल तेव्हा तिला दगडी देऊळ पुरते. पालखीत बसून ती लोकांस दर्शन देण्याकरिता बाहेर आली म्हणजे तिला सदर लागते. गृहस्थाच्या घरी पाहुणा म्हणून येणारा गणपती याच नात्याने मखरात बसतो. दहा दिवस तो त्या घरचा राजा असतो आणि मखर हा त्याचा दरबार असतो.

या दरबाराचा थोरला भाऊ एके काळी शनिवारवाड्यात होता. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली तेथे गणेश रंगमहाल बांधविला आणि पेशव्यांचा गणेशोत्सव त्या महालात होऊ लागला. पुढे राज्य गेले, आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत वाड्याच्या आतील सारे लाकूडकाम जळून गेले. आज तेथे जाणारास दगडी तट, दरवाजे आणि इमारतींची जोती तेवढी दिसतात. महाल कसा होता हे सांगावयास जोत्याचा दगड असमर्थ आहे. परंतु त्या घाटाची महिरप जगातून नाहीशी झाली काय? मुळीच नाही. १८२८ च्या भाद्रपदातही शेकडो घरी ती लहान आकारात पुन्हा उभी राहिलीच असेल. कारण ती एकदाच बांधून ठेवण्याची वस्तू नव्हती, दरवर्षी बांधण्याची होती. जे एकदा बांधून ठेवले त्याचा नाश एका रात्रीत होऊ शकतो. जे दरवर्षी बांधावे लागते त्याचे ज्ञान मात्र दरवर्षी ताजे होते, आणि ते बांधणाऱ्या हातांबरोबर पुढील पिढीकडे जाते. आमच्या प्रतिपादनाचा गाभा हाच आहे.

आता हे लाकूड घरात येई कोठून? महाग सागवान विकत घेऊन दहा दिवसांच्या आराशीत घालणे हे सामान्य गृहस्थास परवडणारे नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे त्यात सुताराचे स्थान फार वरचे आहे. नांगर, कुळव, पाभर, गाडी ही शेतीची सारी साधने त्याच्या हातून निघावयाची, आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी त्यास धान्य मिळावयाचे. सुताराच्या कामाचा एक अटळ परिणाम म्हणजे उरलेले तुकडे. गोल खोडाची चौकोनी तुळई करावयाची तर चारी बाजूंच्या फाकी निघणार. फळी गुण्यात आणावयाची तर तिचे टोक छाटले जाणार. रंधा चालला की सालपटांचा ढीग पडणार. या तुकड्यांना पुढे दोन वाटा होत्या. बहुतेक तुकडे चुलीत किंवा फाल्गुनात होळीत जात. जे थोडे सरळ, बिनगाठीचे व हाताळण्याजोगे असत, ते कोणीतरी मागून नेई. बाभळीचा तुकडा जड व चिवट, तो नांगरालाच शोभणारा. सागाचा तुकडा सरळ रेषेत कापला जाणारा, म्हणून खांबाला योग्य. फणसाचा तुकडा पिवळसर व गुळगुळीत होणारा, म्हणून देवाच्या पाटाला व कमानीला उत्तम. लाकडाच्या जाती पुस्तकातून शिकण्यापूर्वी पुष्कळ मुलांस त्या अशा उरल्यासुरल्या तुकड्यांवरून कळत असत.

मखर दरवर्षी लावावयाचे व काढावयाचे, म्हणून त्याचे सांधे खिळ्यांनी कायमचे जखडून चालत नाही. खिळा एकदा काढला की त्याचे भोक सैल होते. तिसऱ्या वर्षी ते लाकूड त्या जागी खिळा धरीनासे होते. म्हणून खांबाच्या टोकास कुसू काढावयाचे, वरच्या पट्टीत त्याच मापाचे भोक पाडावयाचे, आणि कुसू भोकात बसल्यावर आडवी खुंटी किंवा पाचर मारावयाची, अशी रीत होती. खुंटी उपटली की सारे मखर पाच-सात पट्ट्यांत सुटे होऊन माळ्यावर जाई. कोणती पट्टी कोठली हे ओळखण्यासाठी पाठीमागे पटाशीने एक, दोन, तीन अशा खुणा केलेल्या असत. आमच्या पाहण्यात अशी मखरे आली आहेत, ज्यांच्या खुणा एका पिढीच्या, एक खांब दुसऱ्या पिढीचा आणि झालर तिसऱ्या पिढीची होती. वाळवीने एक भाग खाल्ला तर तेवढाच बदलावयाचा. याप्रमाणे सारे भाग बदलून गेले तरी मखर तेच राहिले, असे घरातील मंडळी मानीत. आणि आमचे मते त्यांचे मानणे बरोबर होते.

येथे एका सामाजिक गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. आपल्या समाजात हात आणि लेखणी यांची फारकत फार जुनी आहे. ज्याच्या हाती लेखणी त्याने करवत धरू नये, आणि ज्याच्या हाती करवत त्यास लेखणी मिळू नये, अशी आपली व्यवस्था होती, आणि तिचे दुष्परिणाम आपण अद्यापि भोगीत आहो. परंतु सणाच्या आराशीपुरता हा निर्बंध सैल पडे. श्रावण संपत आला की एरव्ही पाढे व स्तोत्रे पाठ करणारा मुलगा सुताराच्या दारी जाऊन उभा राही, करवत कशी धरावी हे विचारी, आणि 'जोर लावू नकोस, करवतीला तिच्या चालीने जाऊ दे' हा उपदेश निमूटपणे ऐकून घेई. त्या आठ दिवसांपुरता सुतार गुरू असे आणि पांढरपेशाचा मुलगा शिष्य. या शिष्यत्वाने जातिभेद मोडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सुताराच्या ज्ञानाचा मान त्या आठ दिवसांपलीकडे फारसा टिकत नसे, हेही खरे. परंतु सरळ रेषेत लाकूड कापणे ही सोपी गोष्ट नाही, तिला बुद्धी लागते, एवढी जाणीव त्या मुलाच्या मनात राहून जाई. ही जाणीव सामान्य नव्हे.

मखराकडून आकाशकंदिलाकडे वळलो तर इतिहास आणखी मागे जातो. दिवाळीत कामट्यांचा सांगाडा करून त्यावर रंगीत कागद चिकटविणे ही चाल अर्वाचीन दिसते, आणि कागदापुरती ती अर्वाचीन आहेही. परंतु सांगाड्याची कल्पना जुनी आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टाने काशीस १६१२ साली 'निर्णयसिंधु' हा धर्मग्रंथ रचला. त्यात कार्तिकातील आकाशदीपाच्या विधीचे एक जुने वचन उद्धृत केलेले आहे. त्याचा आशय असा की, सूर्यास्ताच्या वेळी घराजवळ यज्ञीय वृक्षाचे पुरुषभर उंचीचे लाकूड रोवावे आणि त्याच्या माथ्यावर दोन दोन हात लांबीच्या, मध्यभागी भोक पाडलेल्या चार पट्ट्या अशा बसवाव्या की त्यांची आठ दिशांस आठ टोके होऊन अष्टदळ कमळाची आकृती सिद्ध व्हावी. मग तेथे दीप लावावे. हे वर्णन वाचताना आम्हांस राहून राहून वाटले की, हे धर्मशास्त्र आहे तितकेच सुतारशास्त्रही आहे. चार पट्ट्या, प्रत्येकीच्या मध्यास भोक, एका खुंटीवर चारही, आणि आठ टोके! आज कोल्हापुरात एखादा मुलगा चार कामट्या मध्यावर दोऱ्याने बांधून आठ टोकांची चांदणी करतो, तेव्हा तो नकळत याच वचनाचे पालन करीत असतो. फरक इतकाच की, यज्ञीय वृक्षाऐवजी त्याच्या हाती मांडवाच्या बांबूचा उरलेला तुकडा असतो. सुरीने कामट्या सारख्या जाडीच्या तासणे हे त्या कामातील खरे कसब होय. एक कामटी जाड राहिली तर कंदील एका अंगास झुकतो, आणि वर कितीही सुंदर कागद चिकटविला तरी तो दोष झाकत नाही.

दिवाळीच्या किल्ल्यासंबंधी लिहिताना कोल्हापूरकराचे मन थोडे हळवे होणे साहजिक आहे. १८४४ साली या प्रांतात गडकऱ्यांचा उठाव झाला. सामानगड, भुदरगड, पन्हाळा येथील गडकऱ्यांनी शस्त्र उचलले, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात पन्हाळा इंग्रजी फौजेच्या हाती पडला. त्यानंतर गडांची मोडतोड झाली. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्याच वेळी पाडण्यात आला. अंगणात मातीचे किल्ले करण्याची चाल या घटनेनंतरच निघाली असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या प्रांतात खरे दरवाजे पाडले गेले, त्या प्रांतातील मुलांनी आश्विन महिन्यात पिढ्यान्‌पिढ्या दरवाजे उभे करीत राहावे, यात इतिहासाच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे काही आहे. हा किल्ला मातीचा म्हणविला जातो खरा, पण त्याच्या पोटात खोकी, फळ्या व विटा असतात. वर भिजलेले पोते आणि त्यावर चिखल. दरवाजा जुन्या पेटीच्या झाकणाचा, तोफेची चाके दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळाची, आणि निशाणाची काठी कंदिलातून उरलेल्या कामटीची. विजयादशमीस कोल्हापूरच्या दसरा चौकात जो समारंभ होतो, त्यातही याच कल्पनेचे राजसी रूप दिसते. छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन झाले की लोक लकडकोटातील आपट्याची पाने सोने म्हणून लुटतात. लकडकोट म्हणजे लाकडाचा कोट. एका दिवसापुरता एक किल्ला उभा करावयाचा आणि तो लोकांनी आनंदाने लुटावयाचा, ही कल्पना आणि मुलांच्या किल्ल्याची कल्पना या सख्ख्या बहिणी आहेत.

येथवर ज्या लाकडाचे वर्णन केले ते गावच्या सुताराकडील होते. १८९१ साली मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली आणि टाकाऊ लाकडाची जातच बदलली. १८९५ साली शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसविली. गाडीने गूळ बाहेर जाऊ लागला आणि बाहेरचा माल आत येऊ लागला. आणि माल म्हटला की त्याचे खोके आलेच. घासलेटाचे दोन दोन डबे एका लाकडी खोक्यात बसवून येत. काचसामान, साबण, औषधे यांची खोकी पांढऱ्या, हलक्या, देवदारी लाकडाची असत. चहाच्या खोक्यांस पुढे पातळ थरांचे तक्ते लागू लागले. ही खोकी रिकामी झाली की दुकानदारास ती अडगळ वाटे, आणि गृहस्थास ती लक्ष्मी वाटे. चैत्रात गौरीपुढे पायऱ्यांची जी आरास मांडतात, तिचा पाया म्हणजे हीच खोकी. मोठे मागे, मधले पुढे, लहान त्याच्याही पुढे, वर फळ्या, त्यावर धुतलेले लुगडे, आणि मग चित्रे, बाहुल्या, कैरीची डाळ, पन्हे, फुले. ही रचना बहुतांशी घरातील स्त्रिया करीत, आणि कोणत्या खोक्यावर किती भार सोसेल याचा त्यांचा अंदाज क्वचितच चुके. चहाच्या खोक्याचे पातळ फळकूट तर महिरप कापण्यास जणू मुद्दाम घडविल्यासारखे होते. जाड सागवानातून कमान कोरावयास पटाशी व वर्षांचा सराव पाहिजे. पातळ फळकुटावर कागदाची घडी घालून अर्धी कमान काढावी, ती उलटवून पूर्ण करावी, आणि बारीक पात्याच्या करवतीने ती कापावी, हे शाळकरी मुलासही साधे. अशा रीतीने दूर देशाहून माल घेऊन आलेले खोके कोल्हापूरच्या माजघरात मराठी सदरेची कमान होऊन बसले.

या घरगुती कसबाचा शहराच्या मोठ्या इतिहासाशी काही संबंध होता काय, असा प्रश्न कोणी विचारील. तो होता, आणि त्याचे उत्तर एका घराण्याच्या नावाने देता येते. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेले बाबुराव कृष्णराव मेस्त्री, जे पुढे बाबुराव पेंटर म्हणून महाराष्ट्रास विदित झाले, ते कारागिरांच्या घरातले. वडील सुतारकाम, चित्रकला व मूर्तिकला जाणणारे. बाबुराव आणि त्यांचे नात्याने भाऊ असलेले आनंदराव यांनी प्रथम नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. पुढे चलच्चित्रांचा ध्यास लागल्यावर त्यांनी परदेशी यंत्र विकत घेण्याऐवजी छायायंत्र आपल्या हातांनी घडविण्याचा उद्योग आरंभिला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबुरावांनी दामल्यांच्या साहाय्याने ते यंत्र १९१८ साली पुरे केले, आणि त्याच यंत्राने घेतलेला 'सैरंध्री' १९२० साली लोकांपुढे आला. चित्रपटात रंगविलेल्या पडद्याऐवजी खरी उठावाची बांधणी उभी करण्याचा पाठ त्यांनीच घालून दिला. महाल दिसावयास पाहिजे, पण तो महाल नसावा. समोरून संगमरवर आणि मागून फळ्या व टेकू. काम संपले की सुटा करून दुसऱ्या महालाकरिता वापरता यावा, ही विद्या परकीय पुस्तकातून आली असे समजण्याचे कारण नाही. जे शहर दरवर्षी फळकुटांतून दरबार उभा करीत होते, त्या शहराला ती विद्या नवी नव्हती. ज्या पॅलेस थिएटरात, म्हणजे आजच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, १९१५ पासून कोल्हापूरने नाटके पाहिली, ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले तेव्हा साऱ्या शहरास घरचे माणूस गेल्यासारखे दुःख झाले. शनिवारवाड्याची आग आम्ही ग्रंथांत वाचली होती. या आगीने लाकडाचे नश्वरत्व आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे आणले. तेथे पुन्हा उभारणी करावयाची तर नकाशे लागतील, पैसा लागेल. पण त्याहून अधिक, तो घाट ज्यांच्या हातात आहे अशी माणसे लागतील.

टाकाऊ लाकूड आणि सण यांचे हे नाते केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. जर्मनीत सॅक्सनीच्या डोंगराळ खाणमुलखात कथलाच्या खाणी ओसरल्या, तेव्हा तेथील खाणकामगार लाकूड कातण्याच्या धंद्याकडे वळले, आणि सायफेन गावच्या नाताळातील लाकडी बाहुल्या, दीपमाळा व फिरते मनोरे पुढे जगभर गेले. उत्तर युरोपात तर या गोष्टीला शिक्षणाचे रूप आले. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या आग्रहाने १८६६ पासून ग्रामीण शाळांत हस्तकौशल्य हा आवश्यक विषय झाला, आणि स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांनी नेस येथे लाकूडकामाचे शिक्षक तयार केले. मुलाला सुतार करणे हा त्यांचा हेतू नव्हता; डोळा, हात व मन ही तिन्ही एकत्र वाढावीत हा होता. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगातून शिक्षणाची जी योजना पुढे मांडली, तिचेही मूळ याच विचारात आहे. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीस गेले तर तेथील चिताऱ्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून फळे व खेळणी करण्याची कला राजाश्रयाने वाढविलेली दिसते. सिंधुदुर्गात गणपतीच्या डोक्यावर लाकडी माटवी टांगून तिला रानफळे व नारळ बांधतात. पांगाऱ्याचे लाकूड तुळईच्या कामाचे नव्हे. जे तुळईस निरुपयोगी ते खेळण्यास उत्तम, हा शोध त्या कारागिरांनी लावला. उपयोग आणि निरुपयोग हे पदार्थाचे गुण नसून पाहणाऱ्याच्या दृष्टीचे गुण आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या इतिहासास खीळ बसली. थर्मोकोल नावाचा पांढरा, पिसासारखा हलका पदार्थ बाजारात आला. त्यात महिरप कापणे इतके सोपे की तापलेली तार पुरे. प्रथम लोक घरीच कापीत. लवकरच बाजारात तयार मखरे आली. सुरूचे खांब, केळफुले, पाकळ्यांच्या कमानी, मोर, कळस, सारे काही, आणि तेही पूर्वीपेक्षा अधिक नखरेल. रूप टिकले, किंबहुना फोफावले. परंतु ते रूप ज्याच्यामुळे टिकत आले होते ते कसब निघून गेले. सांधा नाही, खुंटी नाही, माळ्यावर ठेवण्याचे कारण नाही. विसर्जनानंतर मखर मोडून फेकावयाचे आणि पुढील वर्षी दुसरे आणावयाचे. लाकूड कुजत असे, पण त्याची विद्या टिकत असे. थर्मोकोल कुजत नाही, पण त्याच्याबरोबर विद्या मात्र कुजली. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्मोकोल यांच्या वस्तूंवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी गणेशोत्सवाच्या आराशीपुरती सवलत देण्यास उच्च न्यायालयाने नकार दिला. हा निर्णय योग्यच होता.

परंतु बंदीने काय परत आले, हे नीट पाहिले पाहिजे. आज बाजारात जी घडीची लाकडी मखरे मिळतात, ती बहुधा लाकडाच्या तंतूंत राळ मिसळून व दाबून केलेल्या तक्त्याची, आणि प्रकाशकिरणांच्या यंत्राने कापलेली असतात. गंमत अशी की हा तक्ताही टाकाऊ लाकडापासूनच होतो. म्हणजे ढलपी घरी परत आली आहे. फक्त आमच्या हातांची गाठ न घेता आली आहे. कोणी म्हणेल की, लोकांस आता वेळ कोठे आहे? घरे लहान झाली, माळे गेले, सुतारही दारी राहिला नाही. हा आक्षेप आम्हांस खोटा वाटत नाही. जुनी आरास करण्यात घरातील स्त्रियांच्या श्रमांचा हिशेब कोणी कधी ठेवला नाही, हेही आम्ही विसरलो नाही. तो काळ जसाच्या तसा परत यावा अशी आमची इच्छा नाही. तयार मखर आणणाऱ्यास दोष देण्याचाही आमचा अधिकार नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की, मखर बदलल्याने प्रश्न सुटला अशी समजूत करून घेऊ नये. दूषित पदार्थ गेला हे चांगले झाले. गेलेले शिक्षण त्याने परत आले नाही.

ते परत आणावयाचे तर फार मोठी योजना लागत नाही. शहरातील लाकडाच्या वखारीत आजही तुकडे पडून राहतात, फळांच्या पेट्या रिकाम्या होतात, घरदुरुस्तीत जुन्या खिडक्यांच्या चौकटी निघतात. एखाद्या शाळेने श्रावणात एक करवत, एक गुण्या, एक पटाशी आणि एक जाणता सुतार यांची सोय केली, आणि त्या सुतारास पाहुण्यासारखे नव्हे तर शिक्षकासारखे बसविले व शिक्षकाचे वेतन दिले, तर आमचे मते इतिहासाच्या अर्ध्या तासाहून तो अर्धा तास अधिक इतिहास शिकवील. पहिल्या वर्षी मुलांचे कुसू भोकात बसणार नाही. एखादी कमान वाकडी होईल आणि एखादी दुभंगेल. दुसऱ्या वर्षी मापे जुळू लागतील. जुळलेल्या पट्ट्यांच्या पाठीवर त्यांनी एक, दोन, तीन अशा खुणा कराव्या, खुंट्या उपटाव्या, आणि गणपती गेल्यावर ते सारे नीट बांधून ठेवावे. म्हणजे पुढील भाद्रपदात नव्याने येणाऱ्या मुलांस कोणती पट्टी कोठे बसते हे विचारावे लागणार नाही.